'मी' म्हणजे कोण? : अनात्मवादाचा पाठ



धम्मदीक्षा घेतल्यानंतर आपल्या घरांतून देव्हारा गेला. खंडोबा, मरीआई, म्हसोबा यांचे टाक नदीत सोडले गेले. त्रिशरण आणि पंचशील घरातील लहान मुलेसुद्धा न चुकता म्हणू लागली. हे सर्व अभिनंदनीय आहे. परंतु घरात कोणी वारले की आपल्याच वस्तीतील फलकावर 'मृतात्म्यास शांती लाभो' असे लिहिलेले दिसते. दशक्रिया बंद झाली तरी म्हातारी माणसे भिंतीवर बसलेल्या कावळ्याकडे पाहून गप्प होतात. म्हणजे देव गेला, पण आत्मा मागे राहिला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. देव-देवतांना न मानण्याच्या प्रतिज्ञांबरोबरच श्राद्ध न करण्याची आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा त्यांत आहे. ती तेथे का आहे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. पिंड कोणाला द्यावयाचा? आत्म्याला. आत्मा मानला तर पिंड आला, पिंड आला तर भट आला, आणि भट आला की त्याच्या मागोमाग सगळा जुना संसार आला. म्हणून अनात्मवाद हा केवळ विद्वानांनी चर्चा करण्याचा विषय नाही. तो आपल्या घरातला विषय आहे.

या पाठात तीन गोष्टी समजून घ्यावयाच्या आहेत. पहिली, तथागतांनी आत्मा का नाकारला. दुसरी, आत्मा नसेल तर आपण ज्याला 'मी' म्हणतो तो काय आहे आणि त्याची सीमा कोठे आहे. तिसरी, आत्मा नसताना जबाबदारी कोणाची आणि दुःख कोणाचे.

१. आत्म्याच्या खुंटीवर काय टांगले होते?

आपल्या वाडवडिलांना काय सांगितले गेले होते? शरीर नाशवंत आहे, पण आत म्हणून जो आत्मा आहे तो अमर आहे. तो एक देह सोडतो आणि दुसरा घेतो. मागील जन्मी त्याने जसे कर्म केले तसा या जन्मी त्याला देह मिळतो. हे ऐकायला साधे वाटते. पण पुढचे वाक्य ऐका. तुम्ही महारवाड्यात किंवा मांगवाड्यात जन्मलात, याचा अर्थ तुमच्या आत्म्याने मागील जन्मी पाप केले असले पाहिजे.

हे कोणी रागाच्या भरात बोललेले नाही. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात याचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांचे आचरण चांगले त्यांना ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनी मिळते; ज्यांचे वाईट त्यांना कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी मिळते, असा त्या ठिकाणचा आशय आहे. कुत्रा, डुक्कर आणि चांडाळ एका ओळीत! ही ओळ उभी कशावर आहे? एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाणाऱ्या आत्म्यावर. आत्म्याची खुंटी काढा, म्हणजे तिच्यावर टांगलेली जात, पूर्वजन्मीचे पाप, श्राद्ध आणि शुद्ध-अशुद्धतेची कल्पना ही सगळी खाली पडतात.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी म्हणूनच असे प्रतिपादन केले आहे की, आत्म्यावरील विश्वास हा ईश्वरावरील विश्वासापेक्षाही अधिक घातक आहे. कारण त्यामुळे माणूस जन्मापासून मरणापर्यंत पुरोहिताच्या ताब्यात जातो. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताविषयीही त्यांनी मूळ दुखण्यावरच बोट ठेवले. गरीब आणि दलित माणसाच्या स्थितीचे खापर त्याच्याच पूर्वकर्मावर फोडले, म्हणजे समाज आणि राज्य जबाबदारीतून मोकळे होतात. हे ध्यानात ठेवून आता पुढे जाऊ.

२. पाच स्कंध

तथागतांनी नुसते 'आत्मा नाही' असे सांगून विषय सोडला नाही. माणूस कशाकशाचा बनलेला आहे हे त्यांनी तपासून दाखविले. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध, म्हणजे पाच समूह होत. हे शब्द आपण रोजच्या मराठीतही वापरतो, परंतु धम्मात त्यांचा अर्थ निराळा आहे. तो न कळल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो.

रूप म्हणजे शरीर आणि इंद्रियांना भेटणारी भौतिक वस्तू. नुसते सौंदर्य नव्हे.

वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी प्रत्येक अनुभूती म्हणजे वेदना.

संज्ञा म्हणजे ओळख. 'हा निळा रंग', 'ही चिंच', 'हा अमक्याचा मुलगा' अशी खूण पटणे.

संस्कार म्हणजे मुंज-लग्नासारखे विधी नव्हेत. मनाच्या सवयी, इच्छा आणि करण्याचा कल म्हणजे संस्कार. आपले कर्म येथे घडते.

विज्ञान म्हणजे शाळेतील सायन्स नव्हे. डोळ्याने, कानाने किंवा मनाने होणारी जाणीव म्हणजे विज्ञान.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही बाजारातून चालला आहात आणि मागून कोणी हाक मारते. तुमचा कान आणि तो आवाज हे रूप. आवाज ऐकू आल्याची जाणीव हे विज्ञान. ऐकताच बरे वाटले किंवा अंग आखडले, ती वेदना. 'हा तर आपल्या शेजारच्या काकांचा आवाज' ही संज्ञा. थांबावे, की न ऐकल्यासारखे करून पुढे जावे, हा जो कल मनात उठला तो संस्कार. एका क्षणात हे सर्व घडले. आता शोधा, यात सहावा कोण होता? हाक ऐकणारा, बरे वाटून घेणारा, ओळखणारा आणि थांबणारा असा वेगळा मालक आत बसलेला सापडतो का? पाहावे तेव्हा या पाचांपैकीच काहीतरी सापडते.

स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जवळजवळ हेच नोंदविले आहे. आपण स्वतःच्या आत डोकावतो तेव्हा ऊन, थंडी, प्रेम, द्वेष अशी एखादी अनुभूतीच हाती लागते. अनुभूतीशिवाय नुसता 'मी' कधीच सापडत नाही, असे त्याचे म्हणणे होते. तथागतांनी हे त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी सांगितले, आणि ते पुस्तकी वादासाठी नव्हे तर दुःखमुक्तीसाठी सांगितले, हे विशेष आहे.

३. सारनाथचा दुसरा उपदेश

धम्मचक्रप्रवर्तनानंतर तथागतांनी कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजि या पंचवग्गीय भिक्खूंना सारनाथलाच जो पुढचा उपदेश केला तो अनत्तलक्खण सुत्त या नावाने संयुत्त निकायात आहे. त्यातील युक्तिवाद शेतकरी-मजुरालाही समजेल इतका सरळ आहे.

शरीर जर खरोखर 'मी' असते, तर त्याच्यावर माझा हुकूम चालला असता. 'माझे शरीर असे असो, असे नसो' म्हणताच ते तसे झाले असते. पण ताप येतो तेव्हा तो आपल्याला विचारून येत नाही. केस पिकतात तेव्हा आपली परवानगी घेत नाहीत. मनाचेही तसेच. 'आता राग येऊ नये' असे म्हटल्याने राग थांबत नाही. पाचही स्कंधांची हीच गत आहे.

नंतर तथागत प्रश्न विचारतात. हे नित्य आहे की अनित्य? अनित्य. जे अनित्य आहे त्याला कवटाळून सुख की दुःख? दुःख. मग जे बदलते आणि कवटाळले असता दुःख देते, त्याला 'हे माझे, हा मी, हा माझा आत्मा' असे म्हणणे योग्य आहे काय? भिक्खूंनी उत्तर दिले, नाही. हा उपदेश ऐकून ते पाचही जण अर्हत झाले असे सुत्तात म्हटले आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. तथागतांनी कोणाला 'विश्वास ठेवा' असे म्हटले नाही. त्यांनी विचारले आणि उत्तर त्यांच्याकडूनच घेतले. धम्म शिकण्याची रीत ही अशी आहे.

४. एका भिक्खुणीचे उत्तर

नागसेन आणि मिलिंद राजा यांचा रथाचा दृष्टांत आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. परंतु रथाचा हा दृष्टांत त्याही आधी एका स्त्रीने दिला होता, हे आपल्या माताभगिनींना ठाऊक असले पाहिजे. तिचे नाव वजिरा. श्रावस्तीजवळच्या वनात ती ध्यानाला बसली असता माराने तिला भिवविण्यासाठी विचारले, की या जिवाला कोणी निर्माण केले, आणि निर्माण करणारा कोठे आहे? वजिरा डगमगली नाही. तिने सांगितले, की तू ज्याला जीव समजतोस तो संस्कारांचा नुसता समूह आहे. भाग एकत्र आले म्हणजे जसे 'रथ' म्हणतात, तसे स्कंध एकत्र आले म्हणजे 'प्राणी' असे म्हणण्याचा व्यवहार आहे. हे उत्तर संयुत्त निकायातील भिक्खुणी संयुत्तात आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याला भदन्त नागसेनांनी हाच दृष्टांत सविस्तर करून सांगितला. रथाऐवजी आपण आपली बैलगाडी घेऊ. चाक म्हणजे गाडी काय? नाही. कणा म्हणजे गाडी काय? नाही. जू? दांडी? तीही नाही. मग हे सगळे भाग सुटे करून अंगणात ढीग घातला तर तो ढीग गाडी आहे काय? तोही नाही. आणि या सर्वांना सोडून निराळी 'गाडी' कोठे आहे? कोठेच नाही. तरीसुद्धा गाडीत बसून आपण बाजाराला जातो. 'गाडी' हे नाव खोटे नाही, ते व्यवहाराचे नाव आहे. 'मी' हेही तसेच व्यवहाराचे नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव लिहावे, मतदान करावे, मजुरी मागावी. चूक होते ती या नावाच्या आत काहीतरी अमर आणि जन्मजात शुद्ध किंवा अशुद्ध वस्तू आहे असे मानण्यात.

५. 'मी'ची सीमा कोठे आहे?

आपण समजतो की 'मी' या कातडीच्या आत आहे आणि जग बाहेर आहे. थोडा विचार करा. आता घेतलेला श्वास क्षणापूर्वी अंगणातील हवा होता. सकाळची भाकरी काल शेतातली ज्वारी होती, उद्या ती रक्त होईल. ज्या भाषेत आपण 'मी' म्हणतो ती भाषा आईने दिली. मग 'मी' नेमका कोठे सुरू झाला?

अलीकडचे शास्त्रही या बाबतीत विचार करावयास लावते. ज्याचा हात किंवा पाय अपघातात गेला, त्याला पुष्कळदा नसलेल्या हाताची बोटे जाणवतात, त्यांत कळाही येतात. अमेरिकेतील यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांची शुश्रूषा करणारे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली या अनुभवाचे वर्णन करून त्याला नाव दिले. म्हणजे अवयव गेला तरी 'माझा हात' ही जाणीव उरते.

याच्या उलटही घडते. १९९८ साली बॉटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवला आणि समोर रबराचा हात ठेवला. दोन्ही हातांवर एकाच वेळी कुंचल्याने हळूहळू फिरविले. थोड्याच वेळात अनेकांना स्पर्श रबराच्या हातावर होत आहे, हा हात जणू आपलाच आहे, असे वाटू लागले. यावरून काय दिसते? 'येथपर्यंत मी' ही रेघ कायमची आखलेली नाही. डोळा, स्पर्श आणि सवय यांच्या मेळाने मन ती क्षणोक्षणी आखत असते.

आता हे आपल्या इतिहासाला लावून पाहा. अस्पृश्यता म्हणजे काय होते? काही माणसांनी आपल्या 'मी'भोवती एक रेघ ओढली आणि सांगितले, की तुमच्या स्पर्शाने, काही ठिकाणी तुमच्या सावलीनेसुद्धा, आमचा हा 'मी' बाटतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर तेथील सनातन्यांनी शेण-गोमूत्र टाकून ते तळे 'शुद्ध' करून घेतले. त्याच तळ्यावर जनावरे पाणी पीत होती. पाण्यात काही फरक पडला होता काय? फरक होता तो त्यांच्या मनातील रेघेत.

दिव्यावदानात प्रकृती नावाच्या मातंग मुलीची कथा आहे. भदन्त आनंदांनी विहिरीवर तिच्याकडे पाणी मागितले. ती संकोचली आणि आपली जात सांगू लागली. आनंद म्हणाले, की मी जात विचारली नाही, पाणी मागितले आहे. आनंदांना असे म्हणता आले, कारण बाटेल असे काही आपल्या आत आहे, हे मानण्याचे तथागतांच्या शिष्याला कारणच नव्हते. अनात्मवाद जीवनात उतरला म्हणजे तो असा दिसतो. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली. मनातील रेघ पुसण्याचे काम धम्माचे आहे.

६. आत्मा नाही, तर जबाबदारी कोणाची?

येथे विरोधक नेहमी एक प्रश्न टाकतात. आत्मा नाही म्हणता, मग काल चोरी करणारा आणि आज शिक्षा भोगणारा एकच कसा? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी स्वतःच हा प्रश्न मांडला आहे. आत्मा नाकारला, तर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा घालावयाचा, असे विचारून पुढे त्याचे उत्तर शोधले आहे.

नागसेनांनी मिलिंदाला आंब्याच्या चोराचे उदाहरण दिले. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणतो, 'या माणसाने लावली ती कोय निराळी, मी तोडले ते आंबे निराळे. मग मी गुन्हेगार कसा?' मिलिंद म्हणाला, तो शिक्षेस पात्रच आहे, कारण हे आंबे त्या कोयीपासूनच आले. तसेच आजचे जीवन कालच्या कृतीपासून आले आहे. दुसरे उदाहरण दिव्याचे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जी ज्योत होती तीच शेवटच्या प्रहरी नसते, पण ती वेगळ्या दिव्याचीही नसते. ज्योत सतत नवी होत असते, परंतु धारा एक असते.

म्हणून अनात्मवाद माणसाला जबाबदारीतून सोडवीत नाही, उलट जबाबदारी त्याच्या हातात देतो. आत कायमचा साचा नसेल तर दारू पिणारा दारू सोडू शकतो आणि अडाणी माणूस शिकू शकतो. जन्माने 'हलका' ठरविलेला तर हलका नव्हताच. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना हेच सांगितले. गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्यांत जन्माच्या खुणा वेगवेगळ्या असतात, माणसांत तशा नसतात. माणूस शेती करतो म्हणून शेतकरी आणि चोरी करतो म्हणून चोर. कर्म म्हणजे आज आपण जाणूनबुजून जे करतो ते. मागील जन्मीचा न पाहिलेला हिशेब नव्हे.

७. मग दुःख कोणाचे?

हा भाग नीट समजून घ्या, कारण येथे फसगत होण्याचा संभव आहे. काही हुशार माणसे आपल्याला सांगतील, 'तुम्ही बौद्ध ना? तुमच्यात तर 'मी'च नाही. मग अपमान कोणाचा झाला? सोडून द्या.' यांना स्पष्ट उत्तर दिले पाहिजे.

तथागतांनी आत्मा नाकारला, वेदना नाकारली नाही. दुःख आहे, हे तर पहिले आर्यसत्य. वर्गात एखाद्या मुलाला जातीवरून हाक मारली गेली, तर त्याच्या पोटात जो गोळा उठतो तो खरा आहे. त्याला कारण आहे आणि ते कारण त्या मुलाच्या आत्म्यात नसून समाजाच्या रचनेत आहे. ज्याला कारण आहे ते दूर करता येते, हे तिसरे सत्य. म्हणून तक्रार करावी, संघटना करावी, कायद्याचा आधार घ्यावा. अनात्मवाद याच्या आड येत नाही.

परंतु आणखी एक गोष्ट आहे. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. न शिकलेला माणूस त्यावर शोक करून, छाती बडवून स्वतःला दुसरा बाण मारून घेतो, ती मनाची वेदना. आपल्या बाबतीत पहिला बाण म्हणजे दुसऱ्याने केलेला अपमान. तो मारणाऱ्याचा हात धरलाच पाहिजे. दुसरा बाण म्हणजे 'मी आहेच हलका' असे स्वतःशी म्हणणे. हजारो वर्षे हा दुसरा बाण आपल्याच हाताने आपल्याला मारावयास लावला गेला. अनात्मवाद हा दुसरा बाण काढतो. 'माझा अपमान झाला' ही घटना आहे. 'मी हलका आहे' हा खोटा निष्कर्ष आहे, कारण हलकेपणा चिकटावा असा कायमचा 'मी' आत नाहीच.

तथागतांनी 'मान' या दोषाचे वर्णन करताना 'मी श्रेष्ठ' या अहंकाराबरोबर 'मी हीन' यालाही मानच म्हटले आहे. आपल्यासाठी हा फार मोठा उपदेश आहे. न्यूनगंडाला आपण नम्रता समजू नये.

८. धुतलेल्या वस्त्राचा वास

कोणी म्हणेल, हे सर्व पटले, तरी 'मी, माझे' काही सुटत नाही. हे स्वाभाविक आहे. कोसंबीजवळ खेमक नावाचे भिक्खू आजारी होते. घोषितारामातील वृद्ध भिक्खूंनी दासक नावाच्या भिक्खूला निरोप घेऊन त्यांच्याकडे वारंवार पाठविले. शेवटी खेमक आजारी असतानाही काठी टेकीत स्वतः आले आणि म्हणाले, की पाच स्कंधांपैकी एकालाही मी 'हा मी' असे समजत नाही, तरीसुद्धा 'मी आहे' असा एक सूक्ष्म भाव अजून उरला आहे. कमळाचा वास पाकळीचा म्हणावा, की देठाचा, की परागाचा? तो त्या फुलाचा असतो, तसा हा भाव आहे. त्यांनी आणखी एक दाखला दिला. मळलेले वस्त्र परटाने क्षार लावून धुतले, मळ गेला, पण क्षाराचा वास राहिला. ते वस्त्र सुगंधी पेटीत ठेवले म्हणजे तो वासही हळूहळू जातो.

आपणही असेच नुकते धुतलेले वस्त्र आहोत. देव गेले, पिंड गेला, पण वास उरला आहे. मुलामुलींचे लग्न जमविताना 'तुमची पोटजात कोणती' असे दबक्या आवाजात विचारले जाते, तो हाच वास. आपल्याच वस्तीत कोणाचा कोणाशी बेटीव्यवहार नाही, तो हाच वास. दुसऱ्याने आपल्याभोवती ओढलेली रेघ चुकीची आणि आपण आपल्या शेजाऱ्याभोवती ओढलेली रेघ बरोबर, असे धम्मात होत नाही. निराश होण्याचे कारण नाही, परंतु वास आहे हे मान्य करून वस्त्र सुगंधी पेटीत ठेवले पाहिजे. ती पेटी म्हणजे शील आणि रोजचा अभ्यास.

९. घरी करावयाचा अभ्यास

पहिला अभ्यास रोजचा. रात्री जेवणानंतर घरातील सर्वांनी पाच मिनिटे शांत बसावे. श्वास येतो, जातो, तो पाहावा. दिवसभरात राग आला असेल तर 'मी रागीट आहे' असे न म्हणता 'राग उठला होता, आता तो नाही' असे पाहावे. हा फरक लहान दिसतो. 'मी रागीट' म्हणणारा बदलत नाही. 'राग उठला' म्हणणारा पुढच्या वेळी सावध होतो. मुलांनाही 'तू मठ्ठ आहेस' असे म्हणू नये, 'हे गणित अजून येत नाही' असे म्हणावे. मठ्ठपणाचा आत्मा कोणाच्याही पोटात नसतो.

दुसरा अभ्यास मृत्यूच्या प्रसंगाचा. वर्षावासातील अभ्यासवर्गात एका आजींनी विचारले, "गुरुजी, आत्मा नाही म्हणता, मग आमचे मालक गेले ते कुठं गेले?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांना असे सांगितले, "आजी, बाबासाहेबांनी लिहिले आहे की पृथ्वी, आप, तेज, वायू या चार तत्त्वांचे शरीर बनते आणि मरणानंतर ती तत्त्वे आपापल्या समूहाला जाऊन मिळतात. मालक कोठे अडकून पडलेले नाहीत, तहानलेले नाहीत, कावळ्याची वाट पाहत नाहीत. त्यांनी लोकांचे बोलणे सोसून तुमच्या मुलीला शाळेत घातले ना? ती आज शिकली, तिची मुले शिकत आहेत. ती धारा चालू आहे." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग त्यांना भूक लागली असंल, ही काळजी नको." ज्या घरात धम्म समजला त्या घरात मृत्यूचे दुःख असते, भीती नसते.

म्हणून घरात कोणी वारल्यास त्रिशरण-पंचशील घ्यावे, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधेपणाने करावा, कर्ज काढून जेवणावळी घालू नयेत. शक्य असेल तर त्या व्यक्तीच्या स्मरणार्थ एखाद्या विद्यार्थ्याला पुस्तके द्यावीत. फलकावर 'आत्म्यास शांती' न लिहिता 'विनम्र अभिवादन' एवढे लिहावे.

तिसरा अभ्यास सोयरिकीचा. या वर्षी घरात लग्न जमवावयाचे असेल तर पोटजात विचारणार नाही, असा निश्चय सर्व कुटुंबाने एकत्र बसून करावा. अनात्मवाद समजला की नाही, याची खरी परीक्षा येथे होईल.

पाठावरील प्रश्न

(कुटुंबात किंवा विहारातील वर्गात चर्चा करून उत्तरे द्यावीत.)

१. पाच स्कंधांची नावे सांगा. 'वेदना' आणि 'विज्ञान' या शब्दांचा धम्मातील अर्थ रोजच्या अर्थाहून कसा वेगळा आहे?

२. श्राद्ध आणि पिंडदान न करण्याच्या प्रतिज्ञेचा आत्मा नाकारण्याशी काय संबंध आहे?

३. भिक्खुणी वजिरा हिने माराला काय उत्तर दिले? बैलगाडीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. 'आत्मा नाही, म्हणून कोणीच जबाबदार नाही' असे म्हणणाऱ्याला आंब्याच्या चोराचे उदाहरण देऊन उत्तर द्या.

५. 'अपमान झाला' आणि 'मी हलका आहे' या दोन वाक्यांत काय फरक आहे? पहिल्या बाणाचे काय करावे आणि दुसऱ्याचे काय करावे?

६. धुतलेल्या वस्त्राचा वास आपल्या घरात कोठे कोठे उरला आहे? प्रत्येकाने एक गोष्ट सांगावी आणि ती दूर करण्याचा उपाय सर्वांनी मिळून ठरवावा.